प्रश्नचिन्हाचा कोड

'काम काय करतोस?' असं कुणी विचारलं की मी 'हेल्थकेअर' एवढंच सांगून मोकळा होतो. पुढचं सांगायला गेलो की समोरचा जांभई देतो. पण आज शनिवार आहे, चहा हातात आहे, तेव्हा सांगतोच.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेले रिपोर्ट वाचून आजाराचा कोड सुचवणारं सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात बसून लिहितो. तो कोड बिलाबरोबर विमा कंपनीकडे जातो. सुचवलेलं बरोबर आहे का हे तपासायला मेडिकल कोडर असतात. त्यातल्या एका सीनियर मॅडमनी मागच्या महिन्यात माझी जी हजेरी घेतली, तिच्यामुळे हा लेख.

झालं काय, की ओपीडीतल्या एका पेशंटच्या मेंदूचा एमआरआय होता. उजव्या फ्रंटल भागात 'स्पेस ऑक्युपाइंग लेजन, पॉसिबल ग्लायोमा' असा शेरा. आमच्या सॉफ्टवेअरने ऐटीत कोड सुचवला, सी ७१.१. म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचा कॅन्सर!

मॅडम म्हणाल्या, "अरे, 'पॉसिबल' कुठे गेलं?"

शोधलं तर ते मीच खाल्लं होतं. मजकूर साफ करायच्या पायरीत मी बिनकामाच्या शब्दांची एक यादी केली होती. त्यात 'द', 'ऑफ' यांच्या पंगतीला 'पॉसिबल' आणि 'प्रॉबेबल' पण बसवले होते. विरामचिन्हं तर सरसकट उडवली होती, प्रश्नचिन्हासकट. च्यायला, डॉक्टरांची शंका मला कचरा वाटली होती.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० सीएम ही कोडची यादी वापरतात. तिचा ओपीडीसाठीचा नियम अगदी स्वच्छ आहे. डॉक्टरांनी 'पॉसिबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट' असं काही लिहिलं असेल तर तो आजार आहे असं धरून कोड लावायचा नाही. जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढंच लिहायचं. या केसमध्ये काय माहीत होतं? तपासणीत कवटीच्या आत जागा अडवणारं काहीतरी दिसलं. बस्स. त्याचाही कोड आहे, आर ९०.०. त्यात कॅन्सर नाही, जंतू नाही, कसलंच निदान नाही.

माझ्या मते हा त्या जाडजूड यादीतला सगळ्यात प्रामाणिक कोड आहे. या यादीचं मूळ १८९३ सालचं. झाक बर्टियों नावाच्या फ्रेंच माणसाने मृत्यूच्या कारणांची यादी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत तिच्यात जिवंत माणसांचे आजारही आणले. आता मेलेल्या माणसाचा हिशोब पूर्ण झालेला असतो. जिवंत माणसाचा चालू असतो. म्हणून 'अजून कळलेलं नाही' हेही त्याच्या बाबतीत नीट उत्तर असतं.

आपल्याकडचंच बघा. मेंदूच्या स्कॅनमध्ये कडेने कडी उमटलेली एक गाठ दिसते. ती ट्यूमर असू शकते, टीबीची गाठ असू शकते, नाहीतर पोर्क टेपवर्मच्या अळीची पुटी. पहिली असेल तर घर हादरतं. बाकीच्या दोन आपल्याकडे नवलाईच्या नाहीत आणि बऱ्याचदा औषधांनी बऱ्या होतात. म्हणूनच आपले डॉक्टर संशयित निदानाच्या आधी प्रश्नचिन्ह काढतात. अख्ख्या रिपोर्टमध्ये सगळ्यात मोलाची खूण तीच.

आता दुसरी बाजू. आर वाले कोड म्हणजे कोडरचा आळस, असं आमच्या क्षेत्रात बरेच जण मानतात. आमच्या डॅशबोर्डवर असे कोड चक्क लाल दिसायचे. आळस कधीकधी असतोही, नाही असं नाही. पण 'माहीत नाही' याचे प्रकार असतात, हे मला मॅडमनी शिकवलं. डी ४३ म्हणजे पॅथॉलॉजिस्टने तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला, तरी गाठ पुढे कशी वागेल हे ठरवता आलं नाही. डी ४९.६ म्हणजे मेंदूत गाठ आहे, पण साधी की कॅन्सरची हे कागदावर लिहिलेलंच नाही. आर ९०.० म्हणजे फक्त चित्रात दिसलंय. आपण प्रोग्रामर या तिन्हींच्या जागी एकच नल ठेवतो आणि घरी जातो.

त्यातही गंमत अशी की पेशंट ॲडमिट असेल तर नियम उलटा होतो. डिस्चार्जच्या वेळी 'प्रॉबेबल' लिहिलं असलं तरी आजार आहे असंच धरून कोड लावायचा. कारण तपासण्या आणि सुरुवातीचे उपचार त्या आजारासारखेच झालेले असतात. हॉस्पिटलच्या हिशोबासाठी हे मला पटतं. माणसाच्या रेकॉर्डसाठी नाही पटत. पुढे निदान वेगळं निघालं तरी जुन्या बिलावरचा शिक्का आपोआप पुसला जात नाही. जुन्या आजारावरून आरोग्य विमा नाकारायला अमेरिकेत २०१४ पासून कायद्याने बंदी आहे, पण आयुर्विम्याला ती बंदी लागू नाही. तिथे कॅन्सरचा एक चुकीचा कोड निस्तरत बसायची वेळ पेशंटवर येते, माझ्यावर नाही.

त्या पेशंटचं नाव मला माहीत नाही, दिसतच नाही. पुढे काय निघालं तेही माहीत नाही. मॅडमनी चूक पकडली म्हणून आर ९०.० गेला, एवढंच. त्या दिवशी त्या रजेवर असत्या तर?

मी यादीतून ते शब्द काढले आणि प्रश्नचिन्ह परत आणलं. डॅशबोर्डवरचा लाल रंग काढायला मात्र दोन मीटिंगा लागल्या. आता पहिल्या तपासणीतला आर ९०.० लाल होत नाही. पुढची तपासणी होऊनही तोच राहिला तरच कुणीतरी विचारतं. माझ्या मते हेच बरोबर आहे. शंकेला जागा द्यावी, पण तिथे तिला कायमचं राहू देऊ नये.

असो. तुम्हीही कुठला ना कुठला फॉर्म लिहीत असाल. त्यात 'अजून माहीत नाही' असं निवडता येतं का, की माणसाला काहीतरी खोटं निवडूनच पुढे जावं लागतं? सोमवारी जरा बघा.