समिती येते, फायली चाळते आणि जाते. आमच्या छोट्या धंद्यांचा हिशेब मागायचा कोणी?

विधिमंडळाची समिती नंदुरबारला येणार असली की आम्हा पत्रकारांना ते प्रेसनोटच्या आधी रस्त्यावर कळतं. विश्रामगृहाच्या आवारात फक्की पडते, कचेरीत रात्री नऊपर्यंत दिवे दिसतात, ज्या आश्रमशाळेची पाहणी ठरलेली असते तिथल्या पोरांना अचानक नव्या चादरी मिळतात. वीसेक वर्षं हे बघतोय. अनुसूचित जमाती कल्याण समिती, पंचायत राज समिती, अंदाज समिती, लोकलेखा समिती, महिला व बालकांची समिती, सगळ्या बघितल्या.

त्या येऊ नयेत असं मी म्हणत नाही. चारही विधानसभा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव असलेला हा जिल्हा. इथं समित्यांनी यायलाच हवं, आणि अधिकाऱ्यांना समितीची साक्ष म्हटलं की जो घाम फुटतो तो मंत्र्यांच्या आढावा बैठकीत फुटत नाही, हेही खरं. माझा प्रश्न साधा आहे. यातली कोणती समिती आमच्या मिरची दळणाऱ्याला, बुरुडाला, वेल्डिंगवाल्याला, आमचूर वाळवणाऱ्या बाईला भेटून विचारते की बाबा, सरकारनं तुझ्या नावावर जे जाहीर केलं ते तुझ्यापर्यंत आलं का?

उत्तर आहे, कोणतीच नाही. कारण लघुउद्योगांची म्हणून आपल्या विधिमंडळात वेगळी समितीच नाही. अंदाज समिती एखाद्या वर्षी उद्योग विभाग हातात घेऊ शकते, पण तिचं काम खर्चात काटकसर झाली का आणि पैसा नीट लागला का हे बघणं. मुळात धोरण बरोबर आहे की चूक, हे विचारणं तिच्या चौकटीत येत नाही. लोकलेखा समिती कॅगच्या अहवालामागून चालते, म्हणजे पैसा खर्च होऊन कैक वर्षं उलटल्यावर. तोवर आमच्या इथला वर्कशॉपवाला शटर ओढून सुरतेला नोकरीला लागलेला असतो.

आता दिल्लीत बघा. संसदेनं १९९३ साली विभागनिहाय स्थायी समित्या सुरू केल्या. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय उद्योगविषयक समितीकडे येतं. दरवर्षी मंत्रालयाच्या मागण्या तपासायच्या, सचिवांना बोलवायचं, जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवायची, अहवाल पटलावर ठेवायचा, आणि मग सरकारनं कोणती शिफारस मानली, कोणती नाही आणि का नाही याचं लेखी उत्तर घ्यायचं. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, मान्य. पण नाकारायचं तर कारण लिहून द्यावं लागतं, आणि ते कागदावर राहतं.

जुलै २०२१ मध्ये याच समितीनं कोरोनाचा लघुउद्योगांवर काय परिणाम झाला यावर अहवाल दिला. सरकारचं पॅकेज अपुरं आहे, त्यात कर्जं देण्यावर आणि लांब पल्ल्याच्या उपायांवर भर आहे, लगेच हातात पैसा खेळेल असं कमी आहे, असं समितीनं सरळ लिहिलं. समितीत सत्ताधारी खासदारही होते. पुढं एप्रिल २०२२ मध्ये वित्तविषयक स्थायी समितीनं या क्षेत्राच्या कर्जाची तूट २० ते २५ लाख कोटी रुपये असल्याचं मांडलं. तिचे अध्यक्ष जयंत सिन्हा, म्हणजे भाजपचेच. चॅनेलवर जे भांडताना दिसतात तेच लोक बंद खोलीत एका कागदावर सह्या करतात. मला तर हे लोकशाहीतलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम वाटतं.

केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत. आणि आपल्याला हे जमणार नाही असंही नाही. रोजगार हमी योजना महाराष्ट्राची, आणि त्या एका योजनेसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती आपण नेमलीच ना? मजुराच्या हजेरीपत्रकासाठी समिती होऊ शकते, तर कारागिराच्या थकलेल्या बिलासाठी का नाही?

थकलेल्या बिलाचं सांगतो. २००६ चा कायदा आहे, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. करार लेखी असो नसो, माल घेणाऱ्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. घेणारा सरकारी असला तरी सुटका नाही. कायदा वाचला की वाटतं, वा!

माझ्या ओळखीचा एकजण लोखंडी कपाटं आणि बाकं बनवतो. उद्यम नोंदणी आहे, जीएसटी वेळेवर भरतो. एका सरकारी कार्यालयाला त्यानं माल दिला, चौदा महिने बिल अडकलं. मी म्हटलं, तक्रार कर, ऑनलाइन पोर्टल आहे, वर परिषद आहे. तो हसला. म्हणाला, "भाऊ, व्याज मिळंल, पण पुढची ऑर्डर कोण देईल?" आणि ती परिषद कुठे, तर नाशिकला. नंदुरबारहून दोनेकशे किलोमीटर. धडगावच्या माणसानं आधी सातपुडा उतरून नंदुरबारला यायचं आणि मग नाशिक गाठायचं, वकील वेगळा. परिषदेकडे प्रकरण गेल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा असं कायदा सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातली किती प्रकरणं ९० दिवसांत निघाली? हा प्रश्न जिल्ह्यात येऊन गेलेल्या एकाही समितीनं जाहीरपणे विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

बरं, यात आणखी मेख आहे. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली, मोठा गाजावाजा झाला. पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. आपल्या मिरची बाजाराचंच घ्या. ओली लाल मिरची येते, पथारींवर वाळते, बाया दिवसभर देठ खुडतात, अवकाळी पाऊस आला की लाखोंचा माल डोळ्यांदेखत काळा पडतो. यात पूड करणारा उत्पादक ठरला तर कायद्याच्या आत, नुसता खरेदी-विक्री करणारा कायद्याच्या बाहेर. दोघांचेही पैसे बाहेरच्या मोठ्या पार्टीकडे अडकतात. धोरण करणाऱ्यानं पथारी पाहिली असती तर ही रेघ अशी ओढली असती का?

१ एप्रिल २०२५ पासून व्याख्याही बदलली. सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झाली, गुंतवणुकीची १ कोटीवरून अडीच कोटी. वाढत्या धंद्याला सवलत सुटू नये हा हेतू ठीक आहे. पण आता अक्राणीत आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर विकणारी बाई आणि पुण्यातला दहा कोटी उलाढालीचा कारखानदार एकाच रकान्यात. उद्या मंत्री सभागृहात सांगतील, सूक्ष्म उद्योगांना एवढं कर्ज वाटलं. त्यातलं त्या बाईला किती? आकडा फोडून मागणारी समिती नसेल तर हा प्रश्न निघणारच नाही.

केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण तर आपल्या जिल्ह्याशी थेट जोडलेलं आहे. केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. हे ४ टक्के वर्षानुवर्षं बरेच खाली राहतात. आणि इथं, जिथं जवळजवळ ७० टक्के लोक आदिवासी आहेत, किती आदिवासी पोरांना ही तरतूद माहीत आहे? समितीचा दौरा झाला की नाश्त्याला काय होतं ते गावाला कळतं, पण हे कळत नाही.

आता धुळ्याचा विषय टाळून पुढं जाणं बरं दिसणार नाही. मे २०२५, अंदाज समिती धुळे दौऱ्यावर. शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीला कुलूप लावून माजी आमदार अनिल गोटे बाहेर ठिय्या देऊन बसले. खोली उघडली तेव्हा १ कोटी ८४ लाखांहून जास्त रोकड निघाली. पैसा समितीच्या सदस्यांसाठी होता असा गोटेंचा आरोप, समितीचे अध्यक्ष अर्जुन खोतकर यांनी तो फेटाळला, त्यांच्या स्वीय सहायकाचं निलंबन झालं आणि चौकशीसाठी एसआयटी जाहीर झाली. दोष कुणाचा ते चौकशी आणि कोर्ट ठरवेल, मी ठरवणार नाही. पण त्या आठवड्यात आमच्या इथल्या चहाच्या टपरीवर एकही माणूस चकित झालेला मी पाहिला नाही. मला ती रोकड दिसल्यापेक्षा हे जास्त लागलं. ज्या समितीनं सरकारला जाब विचारायचा तिच्याकडून लोकांची अपेक्षाच संपली असेल, तर उद्योगांची नवी समिती आणून तरी काय, असं तुम्ही म्हणाल.

म्हणूनच माझी मागणी समितीएवढीच तिच्या पद्धतीची आहे. दौरा असेल तर कार्यक्रम आठ दिवस आधी जाहीर करा. अधिकाऱ्यांच्या बैठकीआधी दोन तास भालेर एमआयडीसीतल्या, नवापूरच्या, शहाद्याच्या उद्योजकांना आणि कारागिरांना उघड्यावर बोलू द्या, पत्रकारांसमोर. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात जिल्हा उद्योग केंद्रानं किती अर्ज शिफारस केले आणि बँकांनी किती परत पाठवले, बँकनिहाय मागा. त्या योजनेत १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण ते बँकेनं कर्ज दिलं तरच. अनुदान सरकार देतं आणि दार बँक बंद करते. एमआयडीसीत किती प्लॉट घेऊन नुसते पाडून ठेवलेत, कुणाच्या नावावर, तेही मागा. आणि अहवाल मराठीत, सर्वांना वाचता येईल असा टाका.

आपल्या चारही आमदारांना, पक्ष बाजूला ठेवून, मी हे पत्र म्हणून देणार आहे. पुढच्या अधिवेशनात उद्योगविषयक समितीची मागणी सभागृहात कोण मांडतो ते याच पेजवर लिहीन. तुमच्यापैकी ज्यांची बिलं ४५ दिवसांच्या वर अडकलीत त्यांनी इनबॉक्समध्ये फक्त बिलाची तारीख, रक्कम आणि तालुका कळवा. नाव नको, कार्यालयाचं नावही सध्या नको. तालुकावार यादी करून पत्रासोबत जोडतो.