लाल ठिपक्याची बाजू

टार्गेट पिस्तुलावर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, बसवावी का, हा विषय रेंजवर निघाला की बहुतेक वेळा एकाच वाक्यात संपतो: 'आयएसएसएफला चालत नाही, मग कशाला?' यातली माहिती खरी आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साइट चालतात. भिंग, आरसा, लेझर, प्रक्षेपित ठिपका हे सगळं वर्ज्य. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते याच नियमाखाली. तो नियम बदलावा असं माझं म्हणणं नाही. पण तो स्पर्धेचा नियम आहे. तो सरावालाही लावला की दोघांचं नुकसान होतं: ज्याचा ट्रिगर अजून बसलेला नाही त्या नवशिक्याचं, आणि ज्याला फ्रंट साइट पुसट दिसू लागली आहे त्या चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजाचं.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आधी घेतो. उघड्या साइटवर नेम म्हणजे मुळात अलाइनमेंट: मागच्या खाचेत फ्रंट साइट मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माथा एका रेषेत. दोन्ही साइटमधलं अंतर ३३ सेंटीमीटर धरलं आणि फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे दहाचा सात झाला. रेड डॉटमध्ये ही जुळणी करावीच लागत नाही. म्हणून विरोधक म्हणतात, ठिपक्याची सवय लागलेला मुलगा उघड्या साइटवर परतला की अलाइनमेंट विसरलेला असतो.

मुद्दा मोलाचा आहे, निष्कर्ष मात्र उलटा काढलेला आहे. वाईट शॉटमागे बहुधा दोन चुका असतात, अलाइनमेंटची आणि ट्रिगरची, आणि कागदावरचं भोक त्यातली कुठली ते सांगत नाही. उघड्या साइटवर नजर फ्रंट साइटवर ठेवायची असते, लक्ष्य धूसरच दिसायला हवं. त्यामुळे गोळी सुटायच्या क्षणी नळी किती हलली हे नवशिक्याला कळत नाही. प्रशिक्षक मागे उभा असतो, त्यालाही कळत नाही. ठिपका यातली एक चूक बाजूला काढतो आणि दुसरी उघडी पाडतो. उजव्या हाताच्या मुलाने ट्रिगर खेचला की ठिपका खाली डावीकडे उडी मारतो, आणि ते त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. रिकाम्या पिस्तुलावर ड्राय फायर करतानाही दिसतं, एकही गोळी खर्च न होता. 'ट्रिगर सरळ मागे दाब' हे वाक्य शंभरदा ऐकून जे हातात उतरत नाही, ते यातून उतरतं.

'ठिपका फार थरथरतो, त्यापेक्षा उघडी साइट स्थिर' ही तक्रार तर मी मान्यच करत नाही. हात तेवढाच हलत असतो. धूसर लक्ष्यापुढे ते जाणवत नाही, एवढंच. खरा धोका वेगळा आहे. ठिपका दहावरून सरकताना दिसला की 'आत्ताच!' म्हणून बोट झटका देतं. ही वाईट खोड आहे आणि विरोधकांनी बोट ठेवायचं तर इथे ठेवावं. उपाय आहे: उजेड दिसेल इतपतच मंद ठेवायचा, ठिपक्याची हालचाल एका लहान वर्तुळात मावते आहे एवढं पाहायचं आणि त्या हालचालीतच दाब वाढवत न्यायचा.

रेड डॉटच्या भाबड्या भक्तांनाही उत्तर द्यायला हवं. ठिपका लावला की गुण वाढतात, हा समज खोटा आहे. अमेरिकेतल्या बुल्सआय प्रकारात, म्हणजे एका हाताने २५ आणि ५० यार्डांवर चालणाऱ्या २७०० गुणांच्या सामन्यात, रेड डॉटला मुभा आहे. पण हर्शेल अँडरसन यांनी तिथे २६८० गुण मारले ते १९७४ साली, स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीची पहिली रेड डॉट साइट बाजारात यायच्या आधी. गुण हातातून आणि बोटातून येतात. आणि डोळा कुठेही असला तरी ठिपका बरोबरच दाखवतो, हेही पूर्ण खरं नाही. डोळा काचेच्या मध्यापासून ८ मिलिमीटर सरकला तर जवळच्या अंतरावर नेम जवळजवळ तेवढाच चुकू शकतो. १० मीटरवर ती एक अख्खी रिंग झाली. ठिपका काचेच्या मधोमध ठेवण्याची शिस्त इथेही लागतेच.

वयाच्या प्रश्नावर 'चष्मा बदला' असं सांगितलं जातं. फ्रंट साइटच्या अंतराला जुळणारी नेमबाजीची लेन्स खरोखर मदत करते, स्पर्धेत डोळ्यावर चालतेही. पण वयाने भिंगाची लवचिकता गेलेल्या डोळ्याला खाच, फ्रंट साइट आणि लक्ष्य या तीन अंतरांशी झगडावं लागतं. ठिपका लक्ष्याच्याच प्रतलात दिसतो, तिथे नजर एकाच ठिकाणी राहते. केवळ डोळ्यामुळे खेळ सोडायला निघालेल्या माणसाला हा मार्ग नाकारणं मला क्रूर वाटतं. घेण्यापूर्वी मात्र एक पाहावं. ठिपका चांदणीसारखा फाटलेला दिसला तर मोबाइलने काचेतून फोटो काढावा; फोटोत तो गोल आला तर दोष साइटचा नाही, डोळ्यातल्या दृष्टिवैषम्याचा आहे, आणि आधी चष्मा तपासायला हवा.

बसवण्यातल्या निष्काळजीपणामुळेही रेड डॉट बदनाम झाला आहे. ठिपक्याचा आकार बघून घ्यावा: ६ एमओएचा (एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) ठिपका २५ मीटरवर सुमारे ४४ मिलिमीटर जागा झाकतो, आणि प्रिसिजनच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळच ५० मिलिमीटरचं असतं. ३ एमओएचा ठिपका त्याच्या निम्म्यात बसतो. शक्य असेल तिथे साइट मागेपुढे न होणाऱ्या भागावर बसवावी; रुगरच्या मार्क मालिकेतल्या पॉइंट टू टू पिस्तुलांत आतला बोल्टच तेवढा हलतो, रिसीव्हर स्थिर राहतो, म्हणून ती या कामाला सोयीची. स्क्रूवरचं तेल आधी पुसावं, मग थ्रेडलॉकर लावून आळीपाळीने आवळावेत. झीरो करताना, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवताना, एका शॉटवरून क्लिक फिरवू नयेत. पाच शॉटचा ग्रुप पाहावा. एक एमओएचा क्लिक २५ मीटरवर साधारण ७ मिलिमीटर सरकवतो, तेव्हा ग्रुपचा मध्य ३ सेंटीमीटर बाहेर असेल तर चार क्लिक पुरे. साइटची रेषा उंच गेल्यामुळे सुरुवातीला ठिपका सापडत नाही. तेव्हा मान वाकवून शोधू नये, पकड आणि मनगटाचा कोन जुळवून घ्यावा.

क्लबांकडे माझी मागणी छोटी आहे. सरावासाठी एक पॉइंट टू टू पिस्तूल रेड डॉट लावून ठेवावं. नवशिक्याने सत्राची सुरुवात त्यावर ट्रिगरच्या कामाने करावी आणि शेवट उघड्या साइटवर, पांढऱ्या कोऱ्या कागदावर करावा. कोऱ्या कागदावर नजर फ्रंट साइटवरच राहते. स्पर्धा जवळ आली की ठिपका कपाटात आणि सगळं काम उघड्या साइटवर. ज्यांना आयएसएसएफचे सामने खेळायचेच नाहीत, त्या ज्येष्ठांसाठी क्लबच्या अंतर्गत सामन्यांत रेड डॉटचा वेगळा गट ठेवावा, त्यांचे गुण उघड्या साइटवाल्यांच्या यादीत न मिसळता.