बिनबिलाचा रेडिएटर आणि घाटात उभी पिकअप

मे महिन्यात चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना एक चित्र हमखास दिसतं. बॉनेट उघडून उभी असलेली जुनी पिकअप, वाफा मारणारं इंजिन आणि पाच लिटरचा कॅन हातात घेऊन डोक्याला फडकं बांधलेला ड्रायव्हर. बाजूनं जाणारे कारवाले काच खाली न करताच निकाल देतात, "भंगारात घाला असल्या गाड्या."

यंदा त्या जागी आपल्याच गावचा एक माणूस उभा होता. सोळा वर्षांची टाटा २०७, स्वतः मालक, स्वतःच ड्रायव्हर. मागे केळी भरलेली. आणि मंडळी, रेडिएटर जुना नव्हता. फेब्रुवारीत नवा बसवला होता! घाटात पाणी उकळलं, हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. अडतीस हजार इंजिनाला गेले, केळी काळी पडली ती वेगळीच. दुकानात गेला तर पहिला प्रश्न, "बिल कुठंय?" बिल नव्हतंच. घेताना त्याच दुकानात ऐकवलं होतं, "बिलाचं कशाला, पाचशे कमी करतो."

त्या पाचशेनं माणूस बुडाला. म्हणून आज स्पष्ट लिहितोय. काही जणांना राग येईल, येऊ द्या.

पहिला दोष गॅरेजचा. गाडी तापली की "रेडिएटर गेला" हे पाठ झालेलं उत्तर. पंख्याचा पट्टा सैल आहे का, वॉटर पंप पाणी फिरवतो का, थर्मोस्टॅट उघडतो का, टोपण दाब धरतं का, हे बघायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कुणी देत नाही. टोपणाचंच घ्या. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. साधारण एक बार जादा दाब असला तर पाणी १०० ऐवजी १२० अंशाच्या आसपास उकळतं. टोपणाचं रबर गेलं की हा सगळा फायदा गेला. म्हणजे शे-दोनशेच्या टोपणापायी हजारोंचा रेडिएटर बदलला जातो. वर काही महाभाग थर्मोस्टॅटच काढून फेकतात, "गाडी थंड राहील" म्हणून. मग इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, झीज वाढते.

आणि जुना रेडिएटर कुठे जातो? या वयाच्या बऱ्याच गाड्यांत तांब्या-पितळेचा असतो. त्याला मोडीत चांगला भाव आहे. किती जणांनी तो परत मागितलाय? शिवाय असा रेडिएटर बऱ्याचदा वाचतो. टाकी उघडून नळ्यांतला क्षार काढायचा, गळती असेल तिथं डाख द्यायचा. हे काम करणारे जुने कारागीर तालुक्याच्या गावात अजून आहेत. पण त्यांच्याकडे गाडी पाठवण्यात गॅरेजला कमिशन नाही!

दुसरा दोष दुकानाचा. माझं भांडण ॲल्युमिनियमशी नाही. "तांब्याचाच पाहिजे" हा हट्टही चुकीचा. तांबं उष्णता जास्त वाहतं हे खरं, पण नीट बनवलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर रुंद नळ्यांमुळे चांगलं काम देतो आणि हलका असतो. भांडण आहे ते नाव, पत्ता, नंबर काहीही नसलेल्या मालाशी. बाहेरून माप तेच, आतला गाभा मात्र पातळ, नळ्या कमी, पंखांची जाळी विरळ. रिकाम्या गाडीला तो पुरतो. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढते तेव्हा उघडा पडतो.

म्हणून घेताना जुना रेडिएटर सोबत न्या. गाभ्याची लांबी, रुंदी, जाडी मोजा, नळ्यांच्या ओळी मोजा. पाइपांची तोंडं आणि पंख्याचं कव्हर बसायच्या जागा जुळवा. ते कव्हर अडचण होते म्हणून काढून टाकलं तर पंखा सगळ्या जाळीतून हवा ओढत नाही. कुणी "तांब्याचा आहे" म्हणून जादा पैसे घेत असेल तर उचलून बघा. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. काळा रंग फासून वजन वाढत नाही.

तिसरा दोष आपला. बिल नको म्हणणारे आपणच. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी १८ वर आलाय, म्हणजे तो बहाणाही आता तोकडा पडतो. बोअरचं क्षाराचं पाणी ओतणारेही आपणच. नवा रेडिएटर दोन उन्हाळ्यांत चोंदला की मग कंपनीच्या नावानं शिमगा. आणि दीड टनाच्या गाडीत तीन टन भरलं तर कुठलाच रेडिएटर टिकणार नाही, हेही कबूल करा.

पण कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो वापरा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मागूनही बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्वयंरोजगार म्हणून स्वतःची गाडी चालवून पोट भरणारा माणूस या कायद्यात ग्राहकच ठरतो, "धंद्याची गाडी आहे" म्हणून त्याला कुणी परत पाठवू शकत नाही. आणि सदोष मालानं नुकसान झालं, पण तो बनवणारा कोण हेच माहीत नसेल, तर विकणाऱ्यावर जबाबदारी येते. बिननावाचा माल विकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी लागत नाही.

आता प्रशासनाला प्रश्न. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. दिवा बंद दिसला तर गाडी नापास. मग त्याच गाडीत बसणारा बिननावाचा माल ज्या दुकानांत उघड विकला जातो, तिथं कोण जातं? पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, किंमत छापणं बंधनकारक आहे आणि ते तपासणं वैधमापन खात्याचं काम आहे. जिल्हाधिकारी जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष असतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, एवढीच मागणी आहे. लेखी अर्ज मी देणार आहे, सोबत पिकअपवाल्यांच्या सह्या हव्यात.

नवी गाडी घ्या म्हणणं सोपं आहे. ज्याचा जुन्या गाडीवर संसार चालतो, त्याला निदान पैसे मोजून खरा रेडिएटर तरी मिळाला पाहिजे. घाटात उभ्या माणसाला हसू नका. आणि उद्या दुकानात गेलात तर पाचशे सोडा, बिल घ्या.