आखाताचे तिकीट आणि दहावीचा दाखला

जून महिना आला की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर दोन प्रकारचे पालक उभे असतात. एक मुलाला शाळेत घालायला आलेले, दुसरे काढायला आलेले. यंदा दुसऱ्या रांगेतल्या एका बापाने माझ्यासमोर अर्ज ठेवला. मुलगा नववी पास, अभ्यासात बरा, मराठीत तर वर्गातल्या पहिल्या पाचांत.

"सर, दाखला द्या. गॅरेजवर लावतो. अठरा पूर्ण झाली की मामू दुबईला बोलवणार आहे."

मी म्हटलं, "दहावी तरी होऊ द्या. फक्त एक वर्ष."

"तिथे दहावी कोण विचारतो, सर?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. तिथे कोणी विचारत नसेल, पण इथे विचारतात. आणि हे आपल्या घराघरांतून आखातात माणसे गेलेली असूनही आपल्याला ठाऊक नाही, याचा मला राग आहे.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का पडतो. अशा माणसाला सौदी, अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहरीन धरून अठरा देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी मालकाची नोंद लागते, पगार लिहिलेला करार लागतो आणि दहा लाखांचा अपघात विमा लागतो. त्या विम्याचा दोन वर्षांचा हप्ता तीनशे रुपयांच्याही आत आहे. दहावी पास असलेल्याला हा शिक्का लागत नाही. म्हणजे ज्या कागदाला आपण 'बोर्डाचा कागद' म्हणून कपाटात टाकतो, तोच पासपोर्टचा प्रकार ठरवतो.

आता खरी मेख. शिक्क्याचा माणूस नोकरीऐवजी फिरायला जातोय असे सांगितले तर ही मंजुरी लागत नाही. एजंटाचा धंदा याच फटीत चालतो. "कशाला भानगड? व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ." परवानाधारक एजंटाला कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. गावात मात्र आईचे दागिने मोडून लाख-दीड लाख मोजले जातात, पावतीशिवाय. आणि पोरगा विमानात बसतो तो पर्यटक म्हणून. करार नाही, विमा नाही, मालकाचे नाव नाही. सरकारी दप्तरात तो कामगार म्हणून अस्तित्वातच नाही.

सगळे सुरळीत असते तेव्हा हे खपून जाते. जग हलले की कळते. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतवर हल्ला केला आणि एक लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. वर्षानुवर्षांची कमाई तिथेच राहिली. २०१३ मध्ये सौदीने 'निताकात'ची कडक अंमलबजावणी केली. कंपन्यांना लाल, पिवळे, हिरवे रंग दिले आणि ज्यांचा मालक कागदावर एक व काम दुसऱ्याकडे, असे 'आझाद व्हिसा'वाले रातोरात बेकायदा ठरले. २०२० च्या मार्चमध्ये विमाने बंद झाली. मेमध्ये 'वंदे भारत'ची विमाने सुरू झाली, पण तिकीट प्रवाशानेच काढायचे होते. तीन महिने पगार नसलेल्याने कुठून काढायचे? २३ जून २०२५ ला कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणची क्षेपणास्त्रे आली आणि कतारसह शेजारच्या देशांचे आकाश काही तास बंद झाले.

विमानतळावर अडकणे सर्वांच्याच वाट्याला येते. फरक पुढे पडतो. करार असलेला माणूस कंपनीला फोन करतो. व्हिजिटवाला कोणाला करणार? त्याची मुदत संपत आलेली असते आणि अमिरातीत मुदत संपल्यावर दिवसाला पन्नास दिरहम दंड चढतो. दूतावास त्यालाही मदत करतो, नाही असे नाही. पण थकलेला पगार कोणाकडून वसूल करायचा, हे सांगायला हातात कागद लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून अमिरातीने अशा लोकांसाठी माफी योजना आणली, ती वर्षअखेरपर्यंत चालली. दंडाच्या भीतीने लपून राहिलेल्यांसाठी ती मोठी गोष्ट होती. पण पोराचे आयुष्य दुसऱ्या देशाच्या माफीवर उभे करायचे का?

इथे काही जण म्हणतील, "सर, तुम्ही सरकारची बाजू घेता." अजिबात नाही. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने शिक्क्याच्या लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे ठरवले होते. म्हणजे गरिबाने आपले अर्धवट शिक्षण मुखपृष्ठावर मिरवत जगभर फिरायचे. विरोध झाला आणि त्याच महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. तो विरोध योग्य होता.

कायद्यातही खोट आहे. तो फसवणाऱ्याला सोडून फसणाऱ्याचे शिक्षण मोजतो. गेल्या काही वर्षांत कंबोडिया आणि म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर आपली संगणक शिकलेली मुले डांबली गेली. रशियात नोकरीच्या नावाने नेलेली मुले युद्धाच्या आघाडीवर पोहोचली. हे तिन्ही देश त्या अठरांच्या यादीत नाहीत, आणि दहावी झालेल्याला तर यादीतल्या देशासाठीही मंजुरी लागत नाही. तेव्हा दाखला म्हणजे ताईत नव्हे, हे मी शिक्षक असूनही मान्य करतो. सरकारने मुलाच्या मार्कांऐवजी मालकाचा करार तपासावा, सर्वांचाच तपासावा, आणि पावतीशिवाय पैसे घेणाऱ्याला तुरुंगात टाकावे. हे मागायलाच हवे.

पण ते मिळेपर्यंत आपण काय करणार? आपल्याकडे दरवेळी अन्यायाची यादी तयार असते आणि आपल्या हातातले काम तसेच पडून असते. जलशात आपण 'इकरा' या शब्दावर तासभर बोलतो आणि सकाळी नववीतल्या पोराचा दाखला काढायला येतो. एजंट कोण? बाहेरचा नाही. तो आपल्याच मोहल्ल्यातला, जमातीच्या बैठकीत पुढे बसणारा, मशिदीच्या दुरुस्तीला चंदा देणारा. म्हणून त्याला कोणी विचारत नाही की तुझा परवाना कुठे आहे. परवानाधारक एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येते. जमातीने ती छापून जुम्याच्या दिवशी फलकावर लावावी. आहे हिंमत?

आणि ज्यांची शाळा सुटलीच आहे, त्यांच्यासाठी बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. गॅरेजवर काम करत दहावीला बाहेरून बसता येते. माझ्या ओळखीत असे बसून पास झालेले आहेत. फॉर्म कुठे मिळतो, तारीख कोणती, हे सांगणारा एक तरुण प्रत्येक मोहल्ल्यात नेमायला किती खर्च येतो? एका वलीम्यातल्या एका पंगतीइतकाही नाही.

परदेशी जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. आमच्या कोकणातली कौले, मुलींची लग्ने, शाळेची नवी खोली, सगळे आखाती पैशावर उभे आहे. मी शिकलो त्यातही चुलत्यांच्या मनीऑर्डरींचा वाटा आहे. जा, पण कामगार म्हणून नोंद होऊन जा, करार वाचून जा. तो वाचता यावा म्हणून तरी एक वर्ष जास्त शिका.

त्या बापाला मी त्या दिवशी दाखला दिला नाही. नियमाने अडवता येत नाही, म्हणून फक्त म्हटले, "सोमवारी या." तो चिडून गेला. सोमवारी तो आला तर मला दाखला द्यावाच लागेल. मुलगा मात्र अजून वर्गात बसतो आहे, तिसऱ्या बाकावर.