कोळंबीच्या तळ्यात बुडालेली मजुरी

समुद्र, मासे, कांदळवने हे विषय निघाले की आपल्या बैठकांमध्ये चुळबुळ सुरू होते. तो कोळी समाजाचा प्रश्न आहे, नाहीतर पर्यावरणवाल्यांचा आहे, असे म्हणून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आम्हीही बरीच वर्षे हेच केले. पण मत्स्यशेतीविरुद्धचा या देशातला सर्वात मोठा खटला भूमिहीन दलित शेतमजुरांच्या लढ्यातून उभा राहिला होता, आणि त्यात निर्णायक ठरलेला वैज्ञानिक अहवाल आपल्या नागपूरच्या संस्थेने तयार केला होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

गोष्ट तामिळनाडूतल्या नागपट्टिनम भागाची. पूर्वीचा हा पूर्व तंजावर, कावेरीच्या मुखाजवळचा भाताचा मुलूख. जमीन मोजक्या जमीनदारांची आणि राबणारे हात दलितांचे. याच भागातल्या किळवेनमणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. त्यात बहुतेक बायका आणि मुले होती. मागणी काय होती? मजुरीत थोडे जास्त धान्य. ज्या तारखेला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, त्याच तारखेला ४१ वर्षांनी जमीनदारांनी माणसे जाळली. पुढे उच्च न्यायालयात आरोपी जमीनदार सुटले.

या हत्याकांडानंतर कृष्णम्माल आणि एस. जगन्नाथन हे जोडपे तिथे जाऊन राहिले. कृष्णम्माल दलित कुटुंबात जन्मलेल्या, जगन्नाथन सधन सवर्ण घरातले. दोघेही सर्वोदयी. गांधीवादाशी आपले भांडण जुने आहे आणि ते इथे मिटवण्याचा आमचा इरादा नाही. पण १९८१ मध्ये त्यांनी 'लाफ्टी' ही संघटना काढली आणि जमीनदारांकडची जमीन विकत घेऊन ती दलित स्त्रियांच्या नावावर करत गेले, हे काम नाकारता येत नाही. सातबारा बाईच्या नावावर, हे आपल्याकडे आजही किती गावांत झाले आहे?

नव्वदच्या दशकात त्याच जमिनींवर कोळंबी आली. उदारीकरणाचा काळ, परदेशात टायगर कोळंबीला मोठा भाव, कंपन्यांच्या हातात पैसा. किनाऱ्यालगतची भातशेती भराभर विकली गेली. विकणारा जमीनदार पैसे घेऊन मोकळा झाला. त्या शेतात लावणी, बेणणी, कापणी, मळणी करणाऱ्या मजुराला मात्र कोणी विचारले नाही, कारण जमिनीच्या कागदावर त्याचे नावच नव्हते. भाताच्या शेताला हंगामभर माणसे लागतात. त्याच जागेवर कोळंबीचे तळे खणले की पंप चालवणारा, खाद्य टाकणारा आणि राखण करणारा एवढे पुरतात.

आता यातले विज्ञान थोडे समजून घेऊ, कारण त्याशिवाय या लढ्याचे मर्म कळत नाही. कोळंबीला निमखारे पाणी लागते. समुद्राचे पाणी पंपाने आत घ्यायचे, त्यात गोडे पाणी मिसळायचे, महिनोन्महिने साठवायचे. हे पाणी तळ्याच्या तळातून आणि बांधातून झिरपते. शेजारची शेते खारवतात, विहिरी खारट होतात. दुसऱ्या बाजूने गोड्या पाण्याचा उपसा वाढला की भूजलाची पातळी खाली जाते आणि समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकते. उरलेले खाद्य, विष्ठा आणि औषधे मिसळलेले पाणी ओढ्यात किंवा खाडीत सोडले जाते. दाटीने कोळंबी भरली की रोग येतो. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने भारतातली तळीच्या तळी बसवली. कंपनी नुकसान सोसून दुसरीकडे जाऊ शकते. मागे उरते ती ना भाताची, ना कोळंबीची अशी खारट जमीन आणि घागर घेऊन लांब चालणारी बाई.

चवदार तळ्यावर आपल्याला पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवावा लागला. इथे कोणी हात अडवला नाही, पाणीच पिण्यालायक ठेवले नाही. शेतमालकाकडे बोअर आणि टँकरचे पैसे असतात. वस्तीची विहीर खारट झाली की वस्तीकडे काही उरत नाही.

जगन्नाथन १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, म्हणजे नीरीला, पाहणी करायला सांगितले. १९९५ मध्ये नीरीचे शास्त्रज्ञ आंध्र, तामिळनाडू आणि पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर फिरले. हेक्टरी किती टन कोळंबी निघाली, एवढ्यावर त्यांनी हिशेब थांबवला नाही. खारवलेली जमीन, गेलेले पिण्याचे पाणी, बुडालेला रोजगार, तुटलेली कांदळवने यांचीही किंमत त्यांनी मांडली. निष्कर्ष असा निघाला की या उद्योगाने केलेले नुकसान त्याच्या कमाईपेक्षा जास्त आहे.

त्याच आधारावर ११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. किनारा नियमन क्षेत्रात पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक तळी सोडून कोळंबीची तळी नकोत, असलेली ३१ मार्च १९९७ पर्यंत मोडा. शेतजमीन, मिठागरे, कांदळवने, गावाच्या सामाईक जमिनी यांची तळी करू नका. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी. आणि तळी बंद झाल्यावर तिथल्या कामगारांनाही मोबदला द्यावा.

निकाल आपल्या बाजूने लागला म्हणजे लढाई संपली, हा भ्रम आपल्या चळवळीला अनेकदा महागात पडला आहे. इथेही तेच झाले. पुनर्विचार याचिका आल्या, अंमलबजावणी रखडली. २००५ मध्ये संसदेने किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा केला आणि १९९१ च्या किनारा अधिसूचनेतली बंदी या उद्योगाला लागू नाही, तीसुद्धा १९ फेब्रुवारी १९९१ पासून लागू नव्हती, असे ठरवून टाकले. म्हणजे ज्या नियमावर निकाल उभा होता, तो नियमच मागच्या तारखेने काढून घेतला. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीशिवाय तळे चालवणाऱ्याला होऊ शकणारी कैदही गेली, आता फक्त दंड. दरम्यान २००९ पासून पॅसिफिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची व्हेनामी कोळंबी आली आणि आज आपल्या निर्यातीचा कणा तीच आहे. २०२३-२४ मध्ये देशाने साठ हजार कोटींहून अधिक रुपयांचे सागरी अन्न निर्यात केले, त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा गोठवलेल्या कोळंबीचा.

इथे आपलेच काही तरुण विचारतात, बाबासाहेब तर उद्योगीकरणाचे पुरस्कर्ते होते, मग कोळंबी उद्योगाला विरोध का? प्रश्न रास्त आहे. पण बाबासाहेबांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचा. शेतीवर रिकामी बसलेली माणसे उद्योगात सामावली जावीत, हे त्यांचे सूत्र होते. कोळंबीचे तळे उलटे करते. ते माणूस शेतातून काढते आणि सामावून घेत नाही. कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये बायकांना काम मिळते हे खरे, पण ते कंत्राटाचे आणि नगावर किंवा वजनावर मोजलेले. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये बाबासाहेबांनी शेतीला राज्याचा उद्योग करून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच संपवायला सांगितले होते. जमिनीची मालकी आहे तशी ठेवून वर पंप बसवणे याला ते उद्योगीकरण म्हणाले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सगळे तामिळनाडूचे, आपले काय, असे वाटत असेल तर अलिबागच्या खारेपाटात जा. १९३३ ते १९३९ चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला तो याच खारजमिनीवर. बाबासाहेब त्या संपाच्या पाठीशी होते आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आज तिथे बांध फुटून उधाणाचे पाणी शेतात शिरते. तिथल्या काही गावांत घरामागच्या तळ्यात जिताडा वाढवायची जुनी रीत आहे. मत्स्यशेती म्हणजे सगळेच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. घरच्या तळ्यातला जिताडा आणि भाताचे पट्टे विकून केलेले शंभर एकरांचे कोळंबीचे तळे यांना एकाच नावाने ओळखू नये, एवढेच म्हणतो.

सरकारी योजनांचेही असेच. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे, इतरांना ४०. ऐकायला छान. पण तळे खणायला जमीन हवी, स्वतःची किंवा नोंदणीकृत भाडेपट्ट्याची. भूमिहीनाने हे ६० टक्के कशावर घ्यायचे? अशा ठिकाणी अनुदानासाठी नाव आपले आणि तळे दुसऱ्याचे, हा धोका उघड आहे. म्हणून अनुदानाच्या आधी गावतळ्यांच्या आणि सरकारी जलाशयांच्या ठेक्यात भूमिहीनांच्या संस्थांना हक्क मागायला हवा.

आणि मुलांनो, स्पर्धा परीक्षांच्या रांगेबाहेरही बघा. रत्नागिरीत शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिथल्या राखीव जागा आपल्या आहेत. कोणत्या खाद्याने कोळंबी लवकर वाढते यावर संशोधन करायला पुष्कळ लोक आहेत. तळ्यापासून वस्तीच्या विहिरीपर्यंत खारेपणा किती वर्षांत पोचतो, हा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत जाणारे थोडे. १९९५ मध्ये न्यायालयाने विचारले म्हणून नीरीने ते मोजले. पुढच्या वेळी कोणी विचारेल याची वाट बघायची गरज नाही.

तोवर किनारी तालुक्यांतल्या आपल्या शाखांनी एक अर्ज तरी करावा. आपल्या गावाच्या हद्दीत नोंदणी झालेली मत्स्यशेतीची तळी किती, त्यातली भातजमिनीवर किती, सांडपाणी कुठे सोडले जाते, आणि वस्तीच्या विहिरीचे पाणी शेवटचे कधी तपासले, हे माहिती अधिकारात विचारावे. उत्तरे आली की ती घेऊन ग्रामसभेत बसू.