तोंडावर बोट न ठेवता

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात प्लिमथ नावाचं डोंगराळ गाव आहे. तिथे १९३९ साली केन आणि सुझन वेब या जोडप्यानं मुलांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केलं. ‘फार्म अँड वाइल्डरनेस’ या नावानं ते आजही चालतं. त्याचाच एक भाग म्हणजे लहान मुलांसाठीचा ‘बार्न डे कॅम्प’. सकाळी यायचं, दिवस घालवून घरी जायचं. गोठ्यातली कामं, भाजीचे वाफे, पोहणं, रानात भटकणं, गाणी. आपल्याकडच्या चांगल्या शिबिरांतही यातलं बरंच काही असतं. आपल्याकडे सहसा नसते ती एकच गोष्ट: सगळ्यांनी, अगदी मोठ्यांनीही, मिळून काही वेळ गप्प बसायचं.

हे शिबिर क्वेकर परंपरेतलं. क्वेकर हा सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या शिकवणुकीतून इंग्लंडात उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, तर मधे पुरोहित कशाला, ही त्यांची भूमिका साधी होती आणि त्या काळी भलतीच धोक्याची. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत वेदी नाही, प्रवचन नाही, ठरलेली प्रार्थना नाही. (सगळेच क्वेकर असे नाहीत. जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिथे पाद्री असतात, गाणीही होतात.) लोक एकमेकांकडे तोंड करून बसतात. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर ती व्यक्ती उठून बोलते आणि खाली बसते. तिला कुणी उत्तर देत नाही, खोडून काढत नाही. शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवला की सभा संपली.

मुलांसाठी हेच, पण थोडा वेळ, आणि जमलं तर झाडाखाली. अशी दहा मिनिटं मुलांबरोबर ज्यांनी कधी घालवली असतील त्यांना पुढचं ओळखीचं वाटेल. सुरुवात चुळबुळीत जाते. डास चावलेली जागा खाजवली जाते, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली जाते, एकजण हसू दाबतो आणि त्याला पाहून दुसरे दोघं फुटतात. मोठे रागवत नाहीत, कारण तेही गप्पच बसलेले असतात. मग हळूहळू पाखरं ऐकू यायला लागतात, लांबून गाडी गेल्याचं कळतं. आणि या शांततेत सहा वर्षांच्या पोरालाही साठीच्या माणसाइतकाच बोलायचा हक्क असतो.

आपली सगळ्यांची वाढ ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकत झाली. त्या शांततेत बोलणारा गुन्हेगार ठरतो. ती असते शिक्षकांच्या सोयीसाठी. मुलांना तिच्यातून मिळतं ते एवढंच, की आपण गप्प असलो की मोठ्यांना बरं वाटतं.

गेल्या मे महिन्यात एका संस्कार वर्गात मी तासभर बसले होते. ताईंनी कोल्ह्याची गोष्ट रंगवून सांगितली, मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती. गोष्ट संपली आणि नेहमीचा प्रश्न आला, ‘तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?’ भराभर हात वर झाले, उत्तर एकच आलं: लबाडी करू नये. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, ‘पण त्याला भूक लागली होती ना?’ ताई हसल्या, ‘हो गं’ म्हणाल्या, आणि वह्या काढायला सांगितल्या. पुढे श्लोकांचा तास होता, वेळ झाली होती. मला त्या ताईंना नावं ठेवायची नाहीत. पाऊण तासात तीन गोष्टी बसवायच्या म्हटल्यावर कुणीही हेच करील. पण त्या तासाभरात विचारला गेलेला तो एकच खरा प्रश्न होता, आणि त्याला थांबायला जागा नव्हती.

क्वेकर मंडळींची एक रीत मला फार मोलाची वाटते. आज्ञांची यादी देण्याऐवजी ते एखादा प्रश्न मोठ्यानं वाचतात आणि गप्प बसतात. उत्तर सांगायचं बंधन नाही, तात्पर्य काढणारं कुणी नाही. कोल्ह्याच्या भुकेला अशा ठिकाणी निदान दोन मिनिटं मिळाली असती.

मुलांना एवढं महत्त्व द्यायचं का, असं कुणी विचारलं तर क्वेकरांच्याच इतिहासातली एक हकिकत सांगावी. इंग्लंडात १६६४च्या कायद्यानं सरकारी चर्चबाहेर, घरच्यांखेरीज पाच किंवा जास्त माणसांनी उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरवलं. कायदा लागू होता सोळा वर्षं आणि त्यापुढच्यांना. पुढे १६८२ साली ब्रिस्टल शहरातले जवळजवळ सगळे मोठे क्वेकर तुरुंगात गेले, तेव्हा मुलांनीच सभा चालू ठेवल्या. त्यांना फटके बसले, काहींना डांबलंही. तरी ती पुन्हा येऊन बसायची. सभेत शेजारी बसलेल्या मोठ्यांनी त्यांना बरोबरीचं धरलं होतं, म्हणूनच वेळ आली तेव्हा ती सभा त्यांना आपली वाटली, असं मला वाटतं.

याच पंथाच्या माणसांनी मुलांचा आवाज बंदही केला आहे, आणि ते लपवून चालणार नाही. १८६९नंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या धोरणात मूलनिवासींच्या वस्त्यांचा कारभार मोठ्या प्रमाणावर क्वेकरांकडे आला. त्यांनी चालवलेल्या निवासी शाळांतून मूलनिवासी मुलांची भाषा, नावं, पेहराव काढून घेण्यात आला. अलीकडे काही क्वेकर सभांनी त्याची जाहीर माफी मागितली. व्हरमाँटच्या शिबिरातल्या मुलींच्या विभागाचं ‘इंडियन ब्रुक’ हे नावही बदललं गेलं. ईश्वर सगळ्यांत आहे असं म्हणणाऱ्यांकडूनही हे घडलं. मुलांचं भलं आपल्याला कळतं या खात्रीनं शिबिरं भरवणाऱ्या प्रत्येकानं, त्यात मीही आले, हा इतिहास वाचायला हवा.

आपल्याला हे सगळं परकं नाही. मार्जोरी साइक्स ही इंग्लंडची, पुढे क्वेकर झालेली बाई १९२८ साली मद्रासला मुलींच्या शाळेत शिकवायला आली, पुढे शांतिनिकेतनात गेली, आणि गांधीजींच्या पश्चात दहाएक वर्षं आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला त्यांच्या ‘नयी तालीम’ शिक्षणपद्धतीचं काम करत राहिली. तिथे मुलं सूत कातत, भाजी पिकवत, संडास साफ करत, स्वयंपाकाचा हिशेब ठेवत, आणि आमसभेत बसून शाळेचे प्रश्न सोडवत. सोमवारी मौन पाळणाऱ्या माणसाच्या आश्रमात तिला घरच्यासारखं वाटलं यात नवल नाही. सेवाग्रामची ती शाळा ‘आनंद निकेतन’ २००५पासून पुन्हा चालू आहे. मेमध्ये शिबिर भरवणाऱ्यांनी व्हरमाँटला नव्हे, वर्ध्याला एक चक्कर मारावी.

दहा मिनिटांची सभा ठेवायला पैसा लागत नाही. सहल कुठे न्यायची हेही मुलांना ठरवू द्यावं, आणि मतदान न घेता. क्वेकर सभेत हात मोजत नाहीत. बोलणं होतं, मधे शांतता होते, लेखनिक निर्णयाचं वाक्य लिहून सगळ्यांसमोर वाचतो आणि विचारतो, हे आपल्याला पटतं का? एकाला जरी पटलं नाही तरी त्याचं ऐकून घेतलं जातं. वेळ लागतो, चिडचिड होते. पण अठरा विरुद्ध बारा असं मतदान झालं की ती बारा पोरं सहलीला तोंड पाडून येतात, हे प्रत्येक ताई-दादाला ठाऊक आहे.

आयोजकांची अडचण मला माहीत आहे. पालक फी भरतात, शेवटच्या दिवशी त्यांना रंगमंचावर काहीतरी दिसायला हवं असतं. गप्प बसण्याचं प्रात्यक्षिक दाखवता येत नाही, प्रमाणपत्रावर ते छापता येत नाही. म्हणून माझी मागणी पालकांकडे आहे. या वर्षी नाव नोंदवताना रोबोटिक्स आहे का, अबॅकस आहे का हे जरूर विचारा. त्याच्याच जोडीला विचारा की दिवसातून मुलांचं ऐकून घ्यायची वेळ कोणती, आणि तेव्हा मोठे काय करत असतात.