लेकराच्या डोक्यातली गाठ आणि 'शेक'



"डोक्यात गाठ म्हणजे पोरगं गेलंच, मग शेक देऊन हाल कशाला?" असे साकोलीकडे अजून बोलले जाते. माता-पित्यांनो, हे खरे नाही.

लेकराला रोज सकाळी उठताच डोके दुखून उलटी होते, चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, असे चालू राहिले तर अंगारे-धुपारे करू नका. ती वाट आपण १९५६ सालीच नागपुरात सोडली. सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन नागपूरचे मेडिकल गाठा.

लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेने गाठ काढली तरी तिच्या पेशी पाण्यावाटे मणक्यापर्यंत जातात. म्हणून डोके व पाठ दोन्हींवर किरण देतात. गाठ पसरलेली नसेल तर शस्त्रक्रिया, किरण व औषधे मिळून बहुसंख्य मुले वाचतात.

किरण घेताना दुखत नाही. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात. आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे. केस गळतात, मळमळते, थकवा येतो. पण लेकराच्या अंगात किरण राहत नाहीत. त्याला खुशाल मांडीवर घ्या.

तोटेही सांगितले पाहिजेत. पुढे अभ्यासात मागे पडणे, उंची न वाढणे असे होऊ शकते. म्हणूनच तीन वर्षांखालील बाळांना डॉक्टर शक्यतो किरण टाळतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. राकेश जलाली व सहकाऱ्यांनी सौम्य गाठींच्या २०० मुला-तरुणांवर अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. नेमक्या गाठीपुरते किरण दिल्यास बुद्धी अधिक टिकते आणि पाच वर्षांत ग्रंथींचे नवे बिघाड ५१ ऐवजी ३१ टक्क्यांत दिसतात, असे त्यात आढळले.

खरा घात होतो तो उपचार अर्ध्यावर सोडल्याने. धानाची रोवणी आली, मजुरी बुडते, म्हणून माणूस गावी परततो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, रेल्वे भाड्यात सवलत मिळते ती घ्या, रुग्णालयातील समाजसेवा विभागाला भेटा.

आणि विहारातील बंधू-भगिनींनो, भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातांनी केली. तुम्ही त्या कुटुंबाची रोवणी करून द्या, मागे राहिलेल्या लेकरांना जेवू घाला. सहा आठवड्यांचा हा आधार मिळाला तर ते लेकरू पुन्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाईल. आम्हाला एवढेच मागायचे आहे.

जयभीम!